कागदावरचा अमेरिकन: वैष्णो दास बगाई यांचं प्रकरण

वैष्णो दास बगाई हे मूळचे पेशावरचे. १९१५ साली बायको आणि तीन मुलांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. १९२१ साली अमेरिकेचे नागरिक झाले. पुढे सरकारने ते नागरिकत्व काढून घेतलं आणि मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चाळिशीही गाठली नव्हती. जाण्याआधी त्यांनी बायकोला, मुलांना आणि शहरातल्या एका वर्तमानपत्राला पत्रं लिहिली. वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र छापून आलं, म्हणून हे प्रकरण इतक्या वर्षांनीही त्यांच्याच शब्दांत वाचता येतं.

परदेशातला भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची शिवीगाळ येते, फोडलेली काच येते. तसं घडतही होतंच. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात लाकूड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या भारतीयांवर शेकडो गोऱ्यांचा जमाव चालून गेला आणि त्यांना गावाबाहेर हुसकून लावलं. त्यात बहुतेक शीख होते. बगाईंच्या अंगावर मात्र कोणी हात टाकला नाही. त्यांच्या वाट्याला आले ते अर्ज, नोटिसा आणि शेरे, आणि तेही व्यवस्थित, सह्या-शिक्क्यांनिशी. पूर्वग्रह कायद्याच्या भाषेत बोलायला लागला की काय होतं, हे पाहायला याहून चांगलं प्रकरण मला तरी सापडलेलं नाही.

माणूस आणि त्याचा बेत

बगाई पोटासाठी गेले नव्हते, हे आधी सांगायला हवं. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर जाणारे बहुतेक भारतीय पंजाबातले शेतकरी आणि माजी शिपाई होते. ते एकटे जायचे, गिरणीत, रेल्वेवर, फळबागांत मजुरी करायचे. बगाई खात्यापित्या घरचे होते. सोबत सुमारे २५,००० डॉलर घेऊन आले होते, आणि त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. बेत राजकीय होता. ज्या देशावर इंग्रजांचं राज्य आहे तिथे मुलं वाढवायची नाहीत, आणि इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाला जमेल तशी मदत करायची.

गदर म्हटलं की आपल्याला पंजाब आठवतो, पण त्यात मराठी माणसंही होती. पांडुरंग सदाशिव खानखोजे याच किनाऱ्यावर धडपडत होते. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत जाऊन गदरमध्ये सामील झाला, उठावाच्या तयारीसाठी परतला, मेरठला पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. बगाई कुटुंब सप्टेंबरमध्ये अमेरिकेत उतरलं होतं. पिंगळेला फाशी झाली तेव्हा ते नव्या शहरात घर शोधत असतील.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. आशियातून येणाऱ्यांची तपासणी तिथे व्हायची. चिनी लोकांना तिथे कधी आठवडे, कधी महिने डांबून ठेवत. बगाईंचीही कसून चौकशी झाली; एवढे पैसे घेऊन आलेलं भारतीय कुटुंब अधिकाऱ्यांना नवीनच होतं. ते बाहेर पडले तेव्हा वर्तमानपत्रवाले हजर होते. त्यांना भुरळ पडली ती बगाईंची बायको कला यांच्या नाकातल्या हिऱ्याची. चमकी ही जणू नवी फॅशन, अशा थाटाचा मथळा देऊन बातमी छापली गेली, फोटोसकट. दहा वर्षांत या शहरात आलेली ही पहिली हिंदू बाई, असंही तिच्यात होतं.

ही बातमी वाचताना हसू येतं, पण ती नीट पाहण्यासारखी आहे. तिच्यात द्वेष नाही, उलट कौतुकच आहे. मात्र ते जत्रेत नवीन काही दिसल्यावर वाटतं त्या जातीचं कौतुक आहे. पेशावरहून मुलं सांभाळत, आगबोटीचा लांबचा प्रवास करून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या त्या बाईला कोणी काही विचारलं असेल असं वाटत नाही. बातमीपुरती ती म्हणजे तिचं नाक.

बर्कलेचं घर

या प्रकरणात मी सर्वांत जास्त रेंगाळतो तो प्रसंग न्यायालयाबाहेरचा आहे. काही काळाने बगाईंनी खाडीपलीकडच्या बर्कले शहरात घर विकत घेतलं. पैसे मोजले, कागद झाले. सगळं सामान ट्रकवर लादून कुटुंब नव्या घरी पोचलं, तर शेजाऱ्यांनी घर बंद करून टाकलेलं. आत जाऊ देईनात.

पुढे १९८० च्या दशकात, म्हातारपणी, कलाबाईंनी एका मुलाखतीत हा प्रसंग सांगितला आहे. नवऱ्याला त्या म्हणाल्या, मला इथे राहायचंच नाही, ही माणसं उद्या माझ्या मुलांना काही करतील. त्यांनी ऐकलं आणि ट्रक मागे फिरले.

घर कायद्याने त्यांचं होतं. पोलिसांत जाता आलं असतं, वकील लावता आला असता, पैसा होता. पण किल्ली कायद्याकडून मिळाली तरी शेजार कायद्याकडून मिळत नाही, आणि हे आईला बापाआधी कळलं. बगाई कायद्यावर विश्वास ठेवणारे, कागद नीट असले की सगळं नीट होईल असं मानणारे होते. कलाबाईंनी तो माल दारातच पारखला. अलीकडे, २०२० साली, बर्कले नगरपालिकेने शहराच्या मध्यभागातल्या शॅटक अव्हेन्यूच्या एका तुकड्याला कला बगाई यांचं नाव दिलं. चांगलंच झालं. पण पाटी लावणं सोपं असतं, कारण पाटीला शेजारी राहायचं नसतं.

कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोतच राहिलं. फिलमोर स्ट्रीटवर त्यांनी बगाईज बझार नावाचं दुकान टाकलं. १९२३ चा एक फोटो उपलब्ध आहे: दुकान मालाने भरलेलं आणि मालक सुटात, टाय लावून उभा. इंग्रजी अस्खलित. पेहराव, चालीरीती, बोलणं-वागणं या सगळ्यात त्यांनी स्वतःला त्या देशाच्या मापाचं करून घेतलं होतं. परदेशी गेलेल्याला आजही हाच सल्ला मिळतो की त्यांच्यासारखं व्हा, मिसळून जा. बगाईंनी तो सल्ला जवळपास शंभर टक्के पाळला. १९२१ मध्ये नागरिकत्व मिळालं तेव्हा हिंदुस्थानशी, म्हणजे कागदोपत्री ब्रिटिश साम्राज्याशी, असलेलं नातं त्यांनी सोडून दिलं. त्यांच्या दृष्टीने तो सौदा फायद्याचाच होता. इंग्रजांची प्रजा म्हणून राहायचंच नव्हतं.

कायद्याची गोम

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्यानुसार फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होता येत होतं. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दार उघडलं. आशियाई लोक मधल्या मध्ये अडकले. ना गोरे, ना काळे. मग गोरा कोण, हे प्रत्येक वेळी कोर्ट ठरवणार. कधी कातडीचा रंग पाहायचा, कधी मानववंशशास्त्राची पुस्तकं, तर कधी नुसतं न्यायाधीशाचं मत.

भारतीयांच्या बाबतीत निकाल दोन्ही बाजूंनी लागत होते. १९१० साली भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी कापूस व्यापाऱ्याचं नागरिकत्व न्यू यॉर्कच्या अपील कोर्टाने कायम ठेवलं; पारशी गोऱ्यांत मोडतात असं ठरलं. त्यानंतर अनेक भारतीयांना नागरिकत्व मिळालं. त्या वेळच्या शास्त्राप्रमाणे भारतीय हे कॉकेशियन, म्हणजे युरोपियनांच्याच वंशाचे, म्हणून गोरे, असा तो हिशेब होता. बगाईंनाही याच दाराने आत घेतलं गेलं. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं.

मग आली दोन प्रकरणं, तीन महिन्यांच्या अंतराने. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कारण काय, तर गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी कॉकेशियन नाहीत. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. थिंद अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात नोकरी केलेले. त्यांची बाजू सरळ होती: तुम्हीच म्हणालात गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि शास्त्र मला कॉकेशियन म्हणतं. न्यायालयाने उत्तर दिलं की शास्त्र काय म्हणतं ते महत्त्वाचं नाही, सामान्य माणूस गोरा म्हणून कोणाला ओळखतो ते महत्त्वाचं. आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा म्हणत नाही. तिकडे सगळेच भारतीय ‘हिंदू’ होते, दाढी-पगडीवाला शीखसुद्धा.

दोन्ही निकाल एकमताने झाले आणि दोन्ही एकाच न्यायमूर्तींनी लिहिले: जॉर्ज सदरलँड. त्यांचा जन्म इंग्लंडचा, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. म्हणजे स्थलांतरितच. निकालात ते म्हणतात, इंग्रज, फ्रेंच, जर्मन, इटालियन लोकांची मुलं इथे लवकर मिसळून जातात आणि वेगळी ओळखू येत नाहीत, हिंदू आईबापांची मुलं मात्र कायम ओळखू येत राहतील. पुढे पुस्ती जोडली आहे की यात श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही सुचवायचं नाही, फक्त फरक सांगायचा आहे. ज्याचा स्वतःचा फरक समुद्र ओलांडताच पुसला गेला, त्याने दुसऱ्याचा फरक पिढ्यान्‌पिढ्या पुसला जाणार नाही असं लिहावं, यावर वेगळी टीका करायची गरज नाही.

दुकान, घर, पासपोर्ट

सरकार नव्या अर्जदारांना नकार देऊन थांबलं नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं त्यांच्यावर दावे लागले: तुमचं नागरिकत्व बेकायदा मिळवलेलं आहे, रद्द करा. काही वर्षांत पन्नासहून अधिक भारतीयांचं नागरिकत्व गेलं. त्यात बगाई होते.

नागरिकत्व गेलं तर काय बिघडलं, मतदानाचा हक्क गेला एवढंच ना, असं कोणाला वाटेल. इथे कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा समजून घ्यावा लागतो. १९१३ चा हा कायदा १९२० मध्ये आणखी आवळला गेला. ‘जे परदेशी नागरिक होण्यास अपात्र आहेत’ त्यांना शेतजमीन, स्थावर मालमत्ता घेता येणार नाही, अशी त्याची रचना. कायद्यात जपानी हा शब्द नाही, भारतीय हा शब्द नाही. कोणाचं नाव न घेता सगळ्यांना बाहेर ठेवायची सोय. थिंद निकालाने भारतीयांना अपात्र ठरवलं आणि हा दुसरा कायदा आपोआप त्यांच्यावर येऊन बसला. बगाईंना घर आणि दुकान दोन्ही विकावी लागली.

गोऱ्या बायकांनाही झळ लागली. १९२२ च्या केबल कायद्यानुसार अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकी स्त्रीचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी जन्माने अमेरिकी होती, तीही अशीच आपल्याच देशात परकी झाली.

शेवटचा घाव पासपोर्टचा. १९२८ साली बगाईंना हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. सल्ला दिला गेला की ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज करा, तुम्ही त्यांचीच प्रजा. कारकुनाच्या दृष्टीने हा सरळ, उपयोगी सल्ला असेल. पण ज्या माणसाने इंग्रजांची प्रजा म्हणून जगायचं नाही यासाठी घरदार सोडलं, गदरशी नातं जोडलं, त्याने पुन्हा त्याच दारात जाऊन मला तुमची प्रजा म्हणून कागद द्या असं म्हणायचं. आणि गदरशी संबंध असलेल्यांवर ब्रिटिशांची नजर होतीच.

वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात बगाई रडत नाहीत, हिशेब मांडतात. हा देश माझं घर व्हावं म्हणून मी आलो, मुलांना चांगलं शिक्षण देऊ पाहिलं. आता मला सांगतात की तू अमेरिकन नाहीस. घर घेऊ देत नाहीत आणि परत जायला पासपोर्टही देत नाहीत. मग मी कोण, आणि माझ्या मुलांचं मी काय करून ठेवलं? सोन्याच्या पिंजऱ्यातलं जगणं हे जगणं आहे का, असं ते विचारतात. इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी, आणि मागचे पूल जाळून टाकलेले, अशा अर्थाची त्यांची ओळ पुढे बरीच प्रसिद्ध झाली.

त्यांच्या मृत्यूला निषेधाची कृती म्हणून गौरवणारं लिखाण मी वाचलं आहे. मला ते पटत नाही. मागे तीन मुलं आणि परक्या देशात एकटी पडलेली बायको होती. बगाईंना दोष द्यायचा नाही; पण त्या घराला जे सोसावं लागलं त्याला पताका लावायचीही गरज नाही.

सखाराम गणेश पंडित काय म्हणाले

याच काळातलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवल्याशिवाय बगाईंचं प्रकरण पुरतं कळत नाही. सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतील. जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. अमेरिकेत आधी व्याख्याते म्हणून फिरले, १९१४ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून नागरिकत्व मिळवलं, १९१७ मध्ये वकिलीची सनद घेतली, १९२० मध्ये लीना नावाच्या गोऱ्या अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. थिंद यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत तेही होते.

थिंद हरले, आणि सरकारने पंडितांवरही दावा ठोकला. आता स्वतःचीच वकिली करायची होती. या वेळी त्यांनी आपण गोरे आहोत की नाही हा मुद्दा मध्यभागी ठेवलाच नाही. त्यांनी सांगितलं की १९१४ साली तुम्ही मला नागरिक केलंत. त्या भरवशावर मी वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला, वकील झालो, घर घेतलं, लग्न केलं. माझ्या बायकोच्या नावावर इंपीरियल व्हॅलीत जमीन आहे. माझं नागरिकत्व गेलं तर तिचंही जाईल, जमीन जाईल, माझा धंदा जाईल. तुम्हीच दिलेल्या शब्दावर आयुष्य उभं केलेल्या माणसाच्या पायाखालची फळी आता तुम्हाला काढता येणार नाही.

खालच्या न्यायालयाने हे मानलं. १९२६ साली अपील कोर्टानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला: १९१४ च्या सुनावणीत सरकारला आपलं म्हणणं मांडायची संधी होती, तो प्रश्न तेव्हाच निकाली निघाला, तो पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला, आणि उरलेले दावे सरकारने गुंडाळले. बगाईंचं नागरिकत्व त्याआधीच गेलं होतं.

दोघांवरचा आरोप एकच होता, कायदा एकच होता, राज्यही एकच. फरक कुठे पडला? पंडित वकील होते, ही एक गोष्ट. किती नुकसान होईल ते न्यायालयाला समजेल अशा भाषेत त्यांना मांडता आलं. आणि त्यांच्या घरात एक गोरी बाई होती, जिचं नुकसान न्यायाधीशांना आपल्यातल्या कोणाचं तरी वाटू शकत होतं. हे दुसरं कारण निकालपत्रात कोणी लिहीत नाही, पण मला ते पहिल्याइतकंच वजनदार वाटतं. बर्कलेच्या दारात परत फिरणाऱ्या कलाबाईंसाठी कोणत्या न्यायाधीशाला तसं वाटलं असतं?

आपलंही एक खातं

भारतीय वाचकांना इथपर्यंतची गोष्ट सोयीची आहे. अन्याय त्यांनी केला, सोसला आपण. पण थिंद प्रकरणाची कागदपत्रं वाचली की ही सोय टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न गेला तोच मुळी ‘अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू’ गोरा ठरतो का, असा होता. थिंद यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद तर सरळच आहे. उच्च जातीच्या लोकांनी आर्य रक्त शुद्ध राखलं आहे, बेटीव्यवहार बाहेर होऊ दिलेला नाही. आणि लग्नाचा विषय निघाला की उच्चवर्णीय हिंदू हिंदुस्थानातल्या आदिम रहिवाशांकडे त्याच नजरेने बघतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्याकडे बघतो. म्हणजे आम्हाला आत घ्या, कारण आम्हीही तुमच्यासारखाच भेद पाळतो.

कोर्टात जिंकण्यासाठी वकील काहीही बोलतो, असं म्हणून हे सोडून देता येईल. मी सोडत नाही, कारण हे बोलताना कोणाची जीभ अडखळली नाही. नागरिकत्वासाठी धडपडणाऱ्या बऱ्याच सुशिक्षित भारतीयांचा तोच सूर होता. वंशभेदाची शिडी चुकीची आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आपल्याला चुकीच्या पायरीवर उभं केलं, एवढीच तक्रार होती. न्यायालयाने शिडी तशीच ठेवली आणि त्यांना खाली ढकललं.

गंमत अशी की नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत बसून दोन मराठी माणसं जातीचा विचार वेगळ्या बाजूने करत होती. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी, आपल्या ज्ञानकोशकारांनी, १९०९ साली जातीवरच्या पुस्तकात लिहिलं की हिंदू लोक जगात इतरत्र जाऊन राहिले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. आणि ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा आपला निबंध वाचला, तेव्हा केतकरांचं हेच वाक्य उद्धृत केलं. बगाईंना त्या वेळी अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. थिंद यांच्या वकिलांनी त्यानंतर सात वर्षांच्या आत ते भाकीत सर्वोच्च न्यायालयात खरं करून दाखवलं.

बगाईंनी स्वतः कधी जातीचा आधार घेतला असं त्यांच्या पत्रात कुठे दिसत नाही. ते म्हणतात ते इतकंच, की मी इथलाच व्हायला आलो होतो. म्हणून त्यांचा पराभव जास्त बोचतो. मिसळून जाण्याचा मार्गही बंद, वरच्या पायरीवर हक्क सांगण्याचा मार्गही बंद, आणि एकत्र येऊन शिडीच नाकारावी एवढी संख्या नाही. त्या काळी अख्ख्या देशात भारतीय काही हजारच होते.

नंतर

कलाबाई तिथेच राहिल्या. रात्रशाळेत जाऊन इंग्रजी शिकल्या, पैसे हुशारीने गुंतवले, तिन्ही मुलांना कॉलेजात शिकवलं. पुढे नवऱ्याचे जुने मित्र महेश चंद्र यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्या काळच्या भारतीय विधवेने, तेही परमुलखात, आपलं आयुष्य पुन्हा मांडणं ही काही लहान गोष्ट नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात नव्याने येणाऱ्या भारतीयांसाठी त्यांचं घर उघडं असायचं. १९८३ साली त्या वारल्या.

थिंद यांना १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, ते महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याने. बाकी भारतीयांसाठी दार उघडलं ते २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा. त्यात भारतातून येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला १००. कलाबाई १९५० मध्ये नागरिक झाल्या. इंपीरियल व्हॅलीत शेती करणारे दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये त्याच भागातून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले.

आज अमेरिकेत मराठी मंडळं आहेत, गणेशोत्सव आहेत, ढोल-ताशा पथकं आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य लोक १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, शिक्षणाच्या जोरावर गेलेले. बगाई हे नाव त्यांतल्या फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. मात्र जातीचं खातं अजून बंद झालेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, थिंद निकालाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. तो मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं, सध्याच्या कायद्यांत हे आधीच येतं असं कारण देऊन. विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाच्या संघटना पुढे होत्या. असा कायदा आमच्याच समाजाला संशयाच्या पिंजऱ्यात उभं करील, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बगाईंवर ज्या राज्यात वेळ आली तिथे हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण ‘उच्च जातीचा हिंदू’ हे शब्द त्या देशाच्या न्यायालयात अभिमानाने नेले होते ते आपल्याच माणसांनी, आणि त्याचा उल्लेख त्या वादात दोन्ही बाजूंकडून मला फारसा ऐकू आला नाही.